डीएनएवरून ओळख कशी पटवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात झाला, पूर आला, कुठे जंगलात हाडं सापडली, की बातमीच्या शेवटी एक ओळ असते: 'ओळख पटवण्यासाठी डीएनए नमुने घेण्यात आले आहेत.' त्या ओळीनंतर काय घडतं, हे शवागाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही. तिथे जे विचारलं जातं तेच इथे घेतलं आहे. कोर्टकचेरीतले आणि निव्वळ कुतूहलाचे प्रश्नही आहेत, पण ते नंतर.

डीएनए चाचणीतून मृताचं नाव कळतं का?

नाही. निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात. हाडातून डीएनए निघतो, त्यातून वीस-बावीस जागांवरचे आकडे निघतात, आणि तो कागद तसाच पडून राहतो. शेजारी ठेवायला दुसरा कागद लागतो: आईचा, मुलाचा, नाहीतर त्याच माणसाच्या दाढीच्या ब्लेडवरून काढलेला. दोन्ही शेजारी ठेवले की नातं बसतं का ते दिसतं, आणि नात्यावरून नावापर्यंत पोहोचता येतं. 'आधार'मध्ये टाकून बघा ना, असं लोक हमखास म्हणतात. आधारमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद असते, डीएनए नसतो.

दुसऱ्या कागदाशिवाय लगेच सांगता येते ती एकच गोष्ट: बाई की पुरुष.

मग मोजतात ते नेमकं काय?

आपल्या डीएनएत काही ठिकाणी चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, अडखळत बोलणाऱ्याचा शब्द यावा तसा. कुणाच्यात तो अकरा वेळा येतो, कुणाच्यात सोळा वेळा. या जागांना 'एसटीआर' म्हणतात. प्रत्येक जागी प्रत्येकाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडलांकडून.

समजा एका जागी मुलाचे आकडे २९ आणि ३१ आहेत, आईचे २९ आणि ३०. म्हणजे २९ आईकडून आला, तेव्हा ३१ बापाकडून यायला हवा. समोरच्या माणसाकडे ३१ असला तर ही जागा जुळली. ३१ लाखो लोकांकडे असतो, त्यामुळे एका जागेवरून काहीच ठरत नाही. वीसच्या वीस जागी असं जुळत गेलं, की योगायोग म्हणायला वाव उरत नाही.

ही विद्या फार जुनी नाही. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ च्या सप्टेंबरात एका क्ष-किरण फिल्मवर एकाच घरातल्या नातेवाइकांच्या डीएनएचे पट्टे वेगवेगळे, तरी एकमेकांशी जुळणारे दिसले. आपल्याकडे हैदराबादच्या 'सीसीएमबी' या पेशी-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत लालजी सिंह यांनी स्वतःची पद्धत उभी केली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस केरळातल्या एका पितृत्वाच्या खटल्यात ती कोर्टासमोर आली. तेव्हा बरंच रक्त लागायचं. आता थोड्याशा डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआरमुळे (हो, करोनाच्या वेळी नाकातल्या नमुन्यावर जी करायचे तीच) डोळ्यांना न दिसणारा डागही पुरतो.

घरातलं कुणी नमुना द्यायचा?

पहिली पसंती आई आणि वडील दोघांना, किंवा मृताच्या सख्ख्या मुलांना. आई-वडील दोघेही असले तर काम सोपं होतं. एकच असेल तरी बहुतेक वेळा भागतं. भाऊ-बहीण चालतात, पण एकापेक्षा जास्त भावंडं आली तर बरं. कारण दोन सख्ख्या भावांना एकाच आईबापाकडून वेगवेगळे आकडे मिळालेले असू शकतात.

नमुना घ्यायला बसलेला माणूस 'नातं काय?' असं विचारतो. तिथे खरं नातं सांगा. दत्तक मुलगा, सावत्र आई, 'भावासारखाच' असलेला मित्र यांची माया कितीही असली तरी त्यांचे आकडे जुळणार नाहीत, आणि योग्य मृतदेह समोर असूनही 'जुळत नाही' असा निकाल येईल. संकोच वाटत असेल तर अधिकाऱ्याला बाजूला घेऊन सांगा. त्याने हे पूर्वी ऐकलेलं असतं.

नवऱ्याचं रक्त कशाला घेतात? तो काही बायकोचा रक्ताचा नातेवाईक नाही.

नाहीच. पण मृत बाईची मुलं नमुना देत असतील तर मुलांतले निम्मे आकडे नवऱ्याचे असतात. ते वजा केले की बाईचे कोणते ते उरतात. त्यासाठी नवरा. बायकोचंही तसंच.

आई-वडील हयात नाहीत, मूलबाळ नाही. मग?

इथे मराठी नात्यांची नावं फार कामाला येतात. इंग्रजीत सगळे 'कझिन'. आपल्याकडे चुलत, मामे, मावस, आते असे चार वेगळे शब्द आहेत, आणि डीएनएलाही हाच भेद लागतो.

पेशीत केंद्रकाबाहेर एक छोटा डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियाचा. तो फक्त आईकडून मुलांना मिळतो. म्हणून मावशी चालते, मामा चालतो, मावसभाऊ चालतो. मामेभाऊ मात्र चालत नाही, कारण त्याला तो मामीकडून आलेला असतो. आत्याही नाही चालत. दुसरीकडे पुरुषांमधलं वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. त्यासाठी काका, चुलतभाऊ, अगदी चुलत-चुलत पुतण्यासुद्धा उपयोगी पडतो, आतेभाऊ नाही. मृत व्यक्ती बाई असेल तर वायचा प्रश्नच येत नाही.

रशियाच्या शेवटच्या झारचं कुटुंब १९१८ मध्ये येकातेरिनबर्गला गोळ्या घालून मारलं गेलं. १९९१ मध्ये तिथली एक कबर उघडली, तेव्हा राणीची हाडं ओळखण्यासाठी रक्त दिलं ते ब्रिटनच्या प्रिन्स फिलिपनी. झारची राणी त्यांच्या आईच्या आईची सख्खी बहीण होती. सगळं आईच्या बाजूने, म्हणून जुळलं.

या दोन्ही चाचण्यांना एक मर्यादा आहे. एका आजीची सगळी नातवंडं तिच्या मुलींकडून झालेली असतील तर त्यांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए एकच निघतो. त्यातला नेमका कोण हे त्यावरून ठरत नाही. ही चाचणी 'याच घराण्यातला' इथवर आणून सोडते.

मामाच्या मुलीशी लग्नं होत आलेली घरं असतील तर तेही सांगावं. तिथे नवरा-बायकोच्या आकड्यांतच आधीपासून साम्य असतं, आणि भावंडं किंवा चुलत-मामे नाती तपासताना हिशोब बदलतो.

रक्तच द्यावं लागतं का? सुईची भीती वाटते.

गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवली तरी पुरतं. थोडा वेळ आधी पान-तंबाखू खाऊ नका, चूळ भरा. बोनमॅरो बदललेला असेल तर जरूर सांगा, कारण अशा माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए सापडतो.

घरात नमुना द्यायला कुणीच नाही, पण त्याच्या वस्तू आहेत.

टूथब्रश आणि दाढीचं ब्लेड सगळ्यांत चांगलं. न धुतलेली बनियन, टोपीची आतली पट्टी चालते. कंगव्याबद्दल मात्र जपून: आपल्याकडे एकाच कंगव्यावर अख्खं घर असतं, शिवाय मुळासकटचा केस लागतो. पूर्वी बायोप्सी झाली असेल तर हॉस्पिटलात त्याच्या शरीरातला तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा ठेवलेला असू शकतो, तो फार मोलाचा. आईने डबीत जपून ठेवलेले दुधाचे दातही.

वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत दमटपणा साचतो, बुरशी धरते आणि डीएनए जातो. कागदी पाकीट घ्या, वर नाव, तारीख आणि वस्तू कुणी दिली ते लिहा.

चेहरा ओळखू येतोय, अंगावरचा शर्टही तोच आहे. तरी चाचणी का?

कारण दुःखात माणूस ओळख 'पटवून घेतो'. पाण्यात राहिलेला किंवा चेंगरलेला चेहरा आपला वाटतो. २ जून २०२३ च्या ओडिशातल्या बालासोर रेल्वे अपघातानंतर एकाच मृतदेहावर दोन-दोन कुटुंबांनी हक्क सांगितला, तेव्हा डीएनए नमुने घ्यावे लागले. तरीही २८ मृतदेहांवर कुणी हक्क सांगायला आलं नाही. चार महिन्यांनी भुवनेश्वर महापालिकेने त्यांचे अंत्यसंस्कार केले.

प्रत्येक वेळी डीएनए लागतोच असंही नाही. बोटांचे ठसे, दातांच्या डॉक्टरांचे जुने एक्स-रे, हाडात बसवलेल्या प्लेटवरचा नंबर यांनीही ओळख ठामपणे पटते, आणि लवकर पटते. गोंदण, मंगळसूत्र, मोबाइल या आधाराच्या गोष्टी. एकट्या त्यांच्यावर विसंबू नये.

मृतदेह पूर्ण जळाला आहे. काही मिळेल का?

किती आणि कुठे जळाला यावर आहे. बाहेरून कोळसा झालेल्या शरीरातही मांडीच्या हाडाच्या आत किंवा दाढेच्या मुळाशी चांगला डीएनए टिकू शकतो. हाडाचा रंग बघून अंदाज येतो: पिवळट-तपकिरी असेल तर आशा आहे, काळं असेल तरी प्रयत्न करतात, राखाडी-पांढरं होऊन खडूसारखं भुगा व्हायला लागलं की जवळजवळ संपलं.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं लंडनला निघालेलं विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण गेले. इंधनाची आग असूनही गुजरातच्या प्रयोगशाळांनी बहुसंख्य ओळखी डीएनएवरून पटवल्या. माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांची ओळख तिसऱ्या दिवशी पटली.

त्याच्या दोन वर्षं आधी, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ जण गेले. ओळख पटवायची तर डीएनएच्या निकालासाठी थांबावं लागणार होतं. बहुतेक नातेवाइकांनी न थांबता दुसऱ्याच दिवशी बुलढाण्यात सामुदायिक अंत्यसंस्काराला संमती दिली. बाहेरून बघणाऱ्याने त्याला चूक म्हणू नये. मला एवढंच वाटतं की अशा वेळी प्रत्येक मृतदेहाचा नमुना आधी काढून ठेवलाच पाहिजे, निर्णय काहीही होवो. तो एक तास परत मिळत नाही.

दहन झाल्यावरच्या अस्थींतून डीएनए निघतो का?

व्यवस्थित पेटलेल्या चितेच्या राखेतून जवळपास नाही. अर्धवट जळालेला दात किंवा हाडाचा जाड तुकडा राहिला असेल तरच प्रयत्न करता येतो. टोकियोच्या रेन्कोजी मंदिरातल्या अस्थी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याच आहेत का, याची डीएनए चाचणी करा अशी त्यांच्या कन्येची मागणी आहे. तिथेही पहिला प्रश्न हाच येतो की त्या अस्थींना किती धग लागली होती.

हाडातून डीएनए काढतात कसा?

हे पाहण्यासारखं असतं. आधी हाडाचा वरचा थर घासून काढतात, कारण त्यावर माती, जंतू आणि हाताळणाऱ्या दहा जणांचा घाम असतो. मग ब्लीच, पाणी, अतिनील दिवा. ड्रिल अगदी हळू फिरवायचं. जोरात फिरवलं की हाड तापतं आणि करपल्याचा वास येतो. तो वास आला म्हणजे आपणच नमुना जाळतोय. निघालेली पूड पिठीसाखरेसारखी दिसते. तिच्यातलं कॅल्शियम रसायनाने विरघळवायला रात्र जाते. त्यानंतर कुठे डीएनए हाती येतो, तोही तुकड्या-तुकड्यांत.

यात सगळ्यांत घात करणारी गोष्ट म्हणजे फॉर्मालिन. टिकावं म्हणून कुणी चांगल्या हेतूने नमुना त्यात बुडवतो आणि डीएनएची वाट लागते.

किती दिवस लागतात?

ताज्या नमुन्याला यंत्रावर दोन-तीन दिवस पुरतात. जुन्या हाडाला आठवडे. महाराष्ट्रात काम मुंबईच्या कालिन्यातल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आणि नागपूर, पुण्यासारख्या तिच्या विभागीय शाखांत होतं. पोलीस ठाण्यात 'सीए रिपोर्ट आला का?' असं विचारतात तो हाच. उशीर बहुतेक वेळा यंत्रापाशी होत नाही. लाखेचं सील नीट नसणं, पत्रावरचा गुन्हा क्रमांक आणि पाकिटावरचा क्रमांक न जुळणं, नमुना घेऊन जायला शिपाई मोकळा नसणं, आणि रांग. कौटुंबिक नमुना दिल्यावर पोचपावती किंवा निदान जावक क्रमांक मागून घ्या. पुढचा प्रत्येक फोन त्या क्रमांकावर होतो.

शेकडो वर्षं जुन्या हाडांची ओळख पटते का?

कधी कधी. आपल्या हवेत अवघडच. हरियाणातल्या राखीगढीच्या सिंधुकालीन दफनभूमीतून पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने हाडं काढली. तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच बाईचा डीएनए वाचता आला, आणि तो निबंध २०१९ मध्ये आला. सायबेरियाच्या बर्फात हाडं टिकतात, आपल्या उन्हात आणि पावसात ती शिजतात.

पंजाबात अजनाला इथे एका विहिरीतून २०१४ मध्ये २८२ जणांचे सांगाडे निघाले. हे फाळणीत मारले गेलेले, असं काहींचं म्हणणं. १८५७ च्या बंडातले शिपाई, असं इतरांचं. ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांचे समस्थानिक (माणूस कुठल्या भागातलं खाऊन-पिऊन वाढला याची हाडा-दातांत राहिलेली रासायनिक खूण) तपासल्यावर हे लोक गंगेच्या खोऱ्यातले असल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. बंगाल इन्फंट्री या इंग्रजांच्या पायदळात त्याच भागातले शिपाई असत, त्यामुळे दुसरं म्हणणं बळकट झालं. पण २८२ पैकी एकाचंही नाव डीएनएने सांगितलं नाही.

माझं आवडतं प्रकरण जुन्या गोव्यातलं आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराजला हाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अवशेषांचा काही भाग गोव्याला आणला आणि सेंट ऑगस्टीनच्या मठात एका खिडकीपाशी दगडी पेटीत ठेवला, असं पोर्तुगीज कागदपत्रांत आहे. पुढे मठ ढासळला, आज तिथे अर्धा उरलेला मनोरा आणि जांभ्या दगडाचे ढीग आहेत. पुरातत्त्व खात्याने कागदात लिहिलेली ती खिडकी शोधत खोदकाम केलं, तेव्हा हाताचं एक हाड मिळालं. जवळ आणखी दोन अवशेष होते. सीसीएमबीत तिन्ही तपासले. दोघांचा मायटोकॉन्ड्रियाचा वंश आपल्याकडचा निघाला. हाताच्या हाडाचा मात्र 'यू१बी': भारतातल्या हजारो नमुन्यांत न सापडलेला, जॉर्जियात सापडणारा.

आता लक्ष द्या: हे हाड केतेवानचंच, असं डीएनए म्हणाला नाही, कारण जुळवायला तिचं कुणी आप्त नव्हतं. तो म्हणाला, हे इथलं नाही, तिकडचं आहे. बाकीचं कागदाने आणि खिडकीने सांगितलं. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तो अवशेष तिबिलिसीला जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

अहवालात '९९.९९ टक्के' लिहिलंय. उरलेलं ०.०१ काय?

तो 'चुकण्याचा टक्का' नाही. प्रयोगशाळा दोन शक्यता तोलते: हा माणूस बाप असेल तर हे आकडे यायची शक्यता किती, आणि रस्त्यावरचा कुणीही असेल तर किती. पहिली दुसरीच्या दहा हजार पट निघाली, आणि सुरुवातीला दोन्ही बाजू समान धरल्या, की ९९.९९ येतं. १०० कधीच येत नाही. बाप नसेल तर मात्र उत्तर ठाम 'नाही' येतं, कारण अनेक जागी आकडे जुळतच नाहीत. एकाच जागी फरक पडला तर घाईने नाही म्हणत नाहीत. बापाकडून मुलाकडे येताना क्वचित आकडा एकाने सरकतो.

आम्ही सख्खे भाऊ की सावत्र, हे कळेल?

अनेकदा कळतं, कधी कधी 'सांगता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर असतं. आई हयात असेल तर तिचा नमुना द्या, उत्तर एकदम स्पष्ट होतं. एकसारख्या जुळ्यांना ही नेहमीची चाचणी वेगळं काढू शकत नाही.

बायकोवर संशय आहे म्हणून मुलाची चाचणी करून घेता येते का?

कोर्ट सहजासहजी परवानगी देत नाही. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा मानतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने एका प्रकरणात मुलाच्या चाचणीचा आदेश दिला होता, उच्च न्यायालयाने कायम ठेवला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला: आईबापाच्या भांडणात मुलाला पुरावा बनवायचं नाही, व्यभिचार सिद्ध करायचा तर इतर मार्गाने करा.

पण चाचणी आधीच होऊन गेली असेल तर? २०१४ च्या एका प्रकरणात नागपूर आणि नंतर हैदराबाद, दोन्ही प्रयोगशाळांनी नवरा बाप नसल्याचं सांगितलं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाला मानलं आणि पुढची पोटगी थांबवली. दिलेले पैसे मात्र परत घ्यायचे नाहीत म्हणाले. उलट बाजूने, मुलानेच बापावर दावा केला आणि जिंकला, ते गाजलेलं उदाहरण माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारी यांचं. त्यांचा अहवाल २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात उघडला गेला.

ऑनलाइन मागवलेलं किट मनाच्या समाधानापुरतं. काडी कुणाच्या तोंडात फिरली याचा साक्षीदार नसतो.

चाचणी चुकते का?

यंत्र क्वचित. माणसं चुकतात: पाकिटं बदलतात, दोन मृतदेहांचे भाग एका पिशवीत जातात. अहमदाबादनंतर ब्रिटनमधल्या काही कुटुंबांच्या वकिलांनी चुकीचे अवशेष आल्याची तक्रार केली. भारत सरकारने काम ठरलेल्या पद्धतीनुसारच झाल्याचं सांगितलं. एकट्या डीएनएऐवजी वस्तू, ठिकाण, दात, डीएनए हे सगळं एका टेबलावर आणून तपासावं असा आग्रह असतो, तो याचसाठी.

मी दिलेल्या नमुन्याचं पुढे काय होतं?

खरं तर यासाठी वेगळा कायदा हवा होता. डीएनए तंत्रज्ञानाचं २०१९ चं विधेयक सरकारने जुलै २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतलं. त्यामुळे नमुना देताना संमतीपत्र वाचा, आणि तो फक्त ओळख पटवण्यासाठी असल्याचं त्यात लिहून घ्या. कुटुंबाची गुपितं या चाचणीत उघडी पडू शकतात. चांगली प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नापुरतंच उत्तर देते.

अवशेषच मिळाले नाहीत तर?

जुलै २०२३ मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह निघाले, ५७ जण ढिगाऱ्याखाली राहिले आणि शोध थांबवला गेला. तिथे डीएनएला धरायला काही नाही. कायद्याने सात वर्षं कुणाला माणसाची खबर नसेल तर तो मृत मानता येतो. मोठ्या दुर्घटनांत सरकार वेगळा आदेश काढून आधीच दाखला देऊ शकतं. २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २०१३ मध्ये केदारनाथनंतर तसं केलं गेलं.

तरीही अशा घरातल्या म्हाताऱ्या आईचा नमुना आत्ताच देऊन ठेवा. हाड दहा वर्षांनी सापडलं तरी हैदराबादला जाईल, कालिन्याला जाईल. शेजारी ठेवायचा कागद मात्र तोवर तिच्याबरोबर गेलेला असेल.